गुंतवणूक करारांत ग्रामसभेचा नकार कुठे लिहिणार? अर्थ मंत्रालयाला विदर्भातून खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, आर्थिक व्यवहार विभाग, अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली
मा. प्रधान सचिव, उद्योग विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
तसेच विदर्भातून निवडून गेलेले सर्व खासदार

विषय : द्विपक्षीय गुंतवणूक कराराचा नवा नमुना आणि ग्रामसभांचे निर्णय

महोदय,

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्र्यांनी सांगितले, की द्विपक्षीय गुंतवणूक कराराचा सध्याचा नमुना बदलून तो गुंतवणूकदारांना अधिक सोयीचा केला जाईल. हा नमुना २०१६ चा आहे. त्याच्या आधारे भारत इतर देशांशी करार करतो. परदेशी कंपनीचे आपल्या सरकारशी बिनसले तर तंटा कुठे न्यायचा, किती वर्षांनी न्यायचा आणि भरपाई कशाची मागायची, हे त्या करारात लिहिलेले असते.

आम्ही यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत वनहक्काचे दावे, निस्तार (गावाचे चराई, सरपण, पाणी यांवरचे सामाईक हक्क) आणि भूसंपादनाच्या मोबदल्याची प्रकरणे पाहणारे कार्यकर्ते आणि वकील आहोत. नेदरलँड्समधल्या हेगच्या लवादाशी कोरपना किंवा एटापल्ली तालुक्यातल्या गावाचा काय संबंध, असे कोणी विचारील. करारावर सही दिल्लीत होते आणि सामंजस्य करार दावोसला होतो, पण खाण किंवा वीजप्रकल्प उतरतो तो कोणाच्या तरी वावरात, कोणाच्या तरी जंगलात. तिथली माणसे ‘नाही’ म्हणाली तर त्या ‘नाही’ची किंमत कोणी आणि किती मोजायची, हे त्या कराराच्या कलमांवर ठरते. ती कलमे आता पुन्हा लिहिली जाणार असतील, तर आम्हाला गप्प बसता येणार नाही.

हा तंटा चालतो कसा, ते गावातल्या वाचकांसाठी आधी सांगतो. कंपनी सरकारला तंट्याची नोटीस देते. त्यानंतर साधारण सहा महिने बोलणी करायची असतात. ती फिसकटली की लवादाची नोटीस निघते आणि तीन लवाद (पंच) नेमले जातात : एक कंपनीचा, एक सरकारचा आणि तिसरा, म्हणजे अध्यक्ष, दोघांच्या संमतीने किंवा नेमणुकीचा अधिकार असलेल्या संस्थेकडून. हे लवाद कोणत्याही देशाचे कायम न्यायाधीश म्हणून बसत नाहीत, त्या एका खटल्यापुरते बसतात. १९६५ च्या वॉशिंग्टन करारातून उभ्या राहिलेल्या इक्सिड या गुंतवणूक-तंट्यांच्या केंद्राचा भारत सदस्य नाही. त्यामुळे भारताविरुद्धचे खटले बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या अन्सिट्रल नियमांखाली चालतात आणि त्यांचे कार्यालयीन काम अनेकदा हेगचे स्थायी लवाद न्यायालय पाहते. निवाड्यावर अपील नसते. लवादाचे आसन ज्या देशात असेल तिथल्या न्यायालयात मोजक्या कारणांवर निवाडा रद्द करून घेता येतो, पण लवादाने कायद्याचा अर्थ चुकीचा लावला, एवढे कारण सहसा पुरत नाही. पैसे दिले नाहीत तर कंपनी त्या सरकारची मालमत्ता जगात जिथे सापडेल तिथे जप्ती मागते. केर्न या ब्रिटिश तेल कंपनीवर लावलेल्या पूर्वलक्षी कराच्या प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये भारताविरुद्ध १२० कोटी डॉलर आणि व्याज असा निवाडा झाला, आणि जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या इमारतींवर न्यायालयाच्या आदेशाने टाच आली. पुढच्याच महिन्यात संसदेने पूर्वलक्षी कराची तरतूद मागे घेतली. तो कर अन्यायाचाच होता. परदेशी गुंतवणूकदाराला दाद मागायची जागाच नको, असे आम्ही म्हणत नाही. कारखाना बळकावला आणि भरपाई नाकारली तर त्याला न्याय मिळालाच पाहिजे. आमचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे.

पहिला आक्षेप मंजुऱ्यांच्या क्रमाला आहे, आणि आमच्या मते सगळ्यात मोठा धोका इथेच आहे.

मेक्सिकोमध्ये ग्वादालकासार नावाची एक नगरपालिका आहे. तिथे एका अमेरिकन कंपनीने घातक कचरा पुरण्यासाठी जागा घेतली. केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांनी तिला सांगितले, की लागणाऱ्या मंजुऱ्या मिळालेल्या आहेत, नगरपालिकेचे काय ते होऊन जाईल. कंपनीने बांधकाम उरकले. मग नगरपालिकेने बांधकाम परवाना नाकारला. प्रकरण लवादाकडे गेले आणि ३० ऑगस्ट २००० रोजी मेक्सिकोने सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलर द्यावेत असा निवाडा झाला. त्यातला काही भाग पुढे कॅनडातल्या न्यायालयाने काढून टाकला, पण भरपाई बहुतांशी टिकली. लवादांचे म्हणणे असे, की वरच्या सरकारने भरवसा दिला होता, कंपनीने त्यावर विसंबून पैसा घातला आणि खालच्या संस्थेने तो मोडला. कायद्याच्या भाषेत याला ‘रास्त अपेक्षा’ म्हणतात.

आता हाच क्रम गडचिरोलीत लावून पाहा. वनहक्क कायदा २००६ चा. केंद्राच्या ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाप्रमाणे वनजमीन दुसऱ्या कामाला देण्याच्या प्रस्तावासोबतच, वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण झाल्याचे आणि ग्रामसभेने संमती दिल्याचे कागद जोडावे लागत. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी हा क्रम फिरवला. आता केंद्राची अंतिम मंजुरी आधी येऊ शकते, आणि वनहक्क कायद्याची पूर्तता करून घेण्याची जबाबदारी राज्य सरकारवर, जमीन प्रत्यक्ष ताब्यात देण्याच्या टप्प्यावर येते. म्हणजे दिल्लीचे पत्र कंपनीच्या हातात, त्या पत्रावर बँकेचे कर्ज उचललेले, यंत्रांची मागणी नोंदवलेली, आणि त्यानंतर गावात दवंडी : अमुक तारखेला ग्रामसभा. तिथे लोक नाही म्हणाले, तर ग्वादालकासारची गोष्ट जशीच्या तशी घडते. ग्रामसभेने कायद्याने दिलेला अधिकार वापरलेला असतो. चूक क्रमाची असते, आणि तो क्रम सरकारने ठरवलेला असतो.

यात निस्ताराचा प्रश्न मिसळतो. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली पद्धतीतून आलेले निस्तारपत्रक आजही आमच्या गावांच्या दप्तरात आहे. गुरे कुठे चरतील, सरपण आणि बांबू कुठून आणायचा, वहिवाटीची वाट कोणती, माजी मालगुजारी तलावाचे पाणी कोणाकडे जाईल, हे त्यात लिहिलेले असते. सातबाऱ्यावर ‘सरकारी’ असे एका शब्दात दिसणाऱ्या जमिनीवर निस्तारपत्रकात पाच-पाच प्रकारचे हक्क असतात. गुंतवणूकदाराला जमीन दाखवताना सातबारा आणि नकाशा दाखवला जातो. निस्तारपत्रक आणि सामूहिक वनहक्काचा दाखला ज्या फाईलमध्ये लागत नाही, ती फाईल उद्याच्या लवादात सरकारच्याच विरोधात पुरावा होते. जमीन निर्वेध आहे असे सरकारनेच दाखवले, असे कंपनी म्हणू शकते, आणि ते खोटे नसते.

गावाकडूनही चूक होते, ती लपवण्यात अर्थ नाही. वनजमीन देण्याच्या ठरावाला ग्रामसभेच्या निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला लागतात. ठरावाच्या वहीत बहुतेक वेळा एकच ओळ असते : ‘सदर प्रकल्पास विरोध करण्यात येत आहे, सर्वानुमते मंजूर’, खाली सूचक, अनुमोदक. कोणत्या गटातली किती हेक्टर जमीन, तिथे काय पिकते, तेंदूपाने गोळा करण्याचे फळी केंद्र कुठे आहे, देवस्थान कोणते, तलावाचे पाणलोट किती तुटते, कंपनीचे म्हणणे ऐकले का, यातले काही नाही. कधी सह्यांची पाने सभेनंतर दोन दिवसांनी घरोघर फिरतात आणि वहीतली तारीख सभेचीच राहते. उलट बाजूच्या वकिलाला एवढे पुरे होते. पेरूमध्ये बेअर क्रीक कंपनीच्या चांदीच्या खाणीला आयमारा लोकांचा विरोध खरा होता, मोठा होता. सरकारने जून २०११ मध्ये कंपनीची परवानगी काढून घेतली, पण तिला म्हणणे मांडायची पुरती संधी दिली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये पेरूला सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरची भरपाई लागली. लोकांच्या विरोधाला कंपनीच काही अंशी कारण होती म्हणून भरपाई निम्मी करा, असे तिघांपैकी एका लवादाने वेगळ्या मतात लिहिले. ते अल्पमतात राहिले.

दुसरा आक्षेप एका वगळणुकीचा आहे. २०१६ च्या नमुन्यात एक चांगले कलम आहे : स्थानिक शासनाच्या उपाययोजनांना करार लागू नाही. स्थानिक शासनात नागरी संस्था येतात आणि गावपातळीवरचे शासनही येते. वाचताना वाटते, गाव सुटले. पण ग्रामपंचायत आणि ग्रामसभा एक नव्हेत. आदिवासी अनुसूचित क्षेत्रांना लागू असलेला पेसा कायदा आणि वनहक्क कायदा यांतली ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी प्रौढ माणसे. मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला तो ग्रामसभा म्हणून, ग्रामपंचायत म्हणून नाही. ग्रामसभा ‘शासन’ आहे का, याचे उत्तर त्या मजकुरात नाही, आणि परदेशी लवादावर ते सोडून देणे बरे नाही.

याहून मोठी अडचण पुढची. ग्रामसभेच्या नकारावर अंमल करताना आदेश काढते ते सरकार. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला, बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटले आणि जानेवारी २०१४ मध्ये वनमंजुरी नाकारली ती केंद्रीय मंत्रालयाने. निर्णय गावांचा, कागद मंत्रालयाचा. असा कागद निघाला की वगळणूक संपली, कारण आता ती ‘केंद्राची उपाययोजना’ झाली. गावाला दिलेले संरक्षण नेमके कामाच्या वेळी गळून पडते.

कपाशीचे उदाहरण देतो, कारण ते विदर्भात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. मार्च २०१६ मध्ये केंद्राने बीजी-२ कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरवली. त्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटी बियाणे आणि सोबत कडेच्या ओळींसाठी १२० ग्रॅमची नॉन-बीटीची छोटी पुडी असे. ८०० रुपयांत तंत्रज्ञानाचे शुल्क ४९ रुपये धरले होते. त्याआधी ते १६३ रुपयांच्या घरात होते. तंत्रज्ञान देणाऱ्या परदेशी कंपनीने भारतातल्या व्यवसायाचा फेरविचार करू, असे जाहीरपणे सांगितले. पुढे शुल्क ३९ वर आले, मग २० वर, आणि २०२० मध्ये शून्यावर. यावर गुंतवणूक लवाद झाला नाही. पण जुन्या पठडीच्या करारांत ‘न्याय्य आणि समन्यायी वागणूक’ असे एक पोकळ, कितीही ताणता येणारे कलम असायचे. त्याच्या आधारे किंमत ठरवण्याच्या अशाच निर्णयांवर जगभर खटले झाले आहेत. २०१६ च्या नमुन्यातून हे कलम काढले गेले. ‘गुंतवणूकदारस्नेही’ या शब्दाआडून ते परत येऊ नये. आणि खटला जिंकला तरी तो फुकट जात नाही. सिगारेटच्या पाकिटावरचे इशारे मोठे केले म्हणून उरुग्वेला २०१० ते २०१६ लढावे लागले. ओईसीडीने २०१२ मध्ये अशा खटल्यांचा सरासरी खर्च ८० लाख डॉलरच्या वर काढला होता. मृगाच्या तोंडावर बियाण्याची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने असल्या खर्चाला भिऊन सही लांबवली, तर ते नुकसान कोणत्याच हिशोबात दिसत नाही.

भरपाई मोजण्याच्या पद्धतीबद्दल आमच्या मनात खरोखर राग आहे. पाकिस्तानात रेको डिक येथे तांबे आणि सोन्याची खाण व्हायची होती. नोव्हेंबर २०११ मध्ये बलुचिस्तानच्या प्रांतिक सरकारने खाणपट्टा नाकारला. कंपनीने तोवर सुमारे २२ कोटी डॉलर खर्च केले होते. खाण तोवर उभी राहिलीच नव्हती. जुलै २०१९ मध्ये निवाडा आला : व्याजासह ५८० कोटी डॉलरांहून जास्त. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या देशाला ६०० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते, म्हणजे एका हाताने मिळाले तेवढेच दुसऱ्या हाताने द्यायची पाळी. हा आकडा कुठून येतो? खाण अर्धशतकाहून जास्त चालली असती असे धरायचे, दरवर्षी किती तांबे निघाले असते आणि काय भावाने विकले असते ते मांडायचे, खर्च वजा करायचा आणि उरलेल्या नफ्याला व्याजदराने आजच्या किमतीत आणायचे. त्या दरात दोन टक्के इकडेतिकडे केले की रक्कम कोटी-कोटींनी हलते.

आणि आमच्या कास्तकाराची जमीन जाते तेव्हा? २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मागच्या तीन वर्षांतली परिसरातली खरेदीखते काढतात, त्यांतल्या वरच्या निम्म्या खतांची सरासरी धरतात, ग्रामीण भागासाठी एक ते दोनच्या मधला गुणक लावतात आणि शंभर टक्के दिलासा रक्कम देतात. स्टॅम्प ड्युटी वाचवायला खतात भाव कमी लिहिलेला असतो, तो हिशोबाच्या मुळातच बसतो. पुढची पन्नास वर्षे त्या काळ्या रानात कापूस, तूर, सोयाबीन किती पिकले असते, हे त्या तक्त्यात विचारण्याची सोयच नाही. पुढचा नफा न धरता भरपाई हे तत्त्व गावाला पुरेसे असेल तर कंपनीलाही ते पुरेसे असावे.

मुदतीच्या प्रश्नावर आम्हाला कंपन्यांचीही बाजू समजते. ऑस्ट्रेलियाच्या व्हाइट इंडस्ट्रीजला कोल इंडियाबरोबरच्या पिपरवार खाणीच्या तंट्यात २००२ मध्ये लवादाचा निवाडा मिळाला. तो आपल्या न्यायालयांत नऊ वर्षे अडकला. नोव्हेंबर २०११ मध्ये दुसऱ्या लवाद मंडळाने भारताला जबाबदार धरले. दाद मागण्याचे परिणामकारक साधन देण्याचे वचन कुवेतबरोबरच्या करारात होते आणि ‘सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र’ (एका देशाला दिलेली सवलत दुसऱ्यालाही द्यायची) या कलमाच्या पुलावरून ते ऑस्ट्रेलियाच्या करारात आणले गेले. या धड्यानंतर २०१६ च्या नमुन्यातून तो पूल काढला गेला आणि परदेशी लवादाकडे जाण्याआधी भारतीय न्यायालयांत पाच वर्षे दाद मागण्याची अट आली. संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा करार ३१ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला, त्यात ती तीन वर्षांवर आली. तारखा वर्षानुवर्षे पडत राहणे हा कंपनीवर अन्याय आहे, हे मान्य. पण नेमका हाच अन्याय वाढीव मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यावर होतो. निवाड्याच्या वेळी तो हजर असेल तर सहा आठवड्यांत अर्ज करायचा, मुदत चुकली तर पुढच्या एका वर्षात उशिराचे सबळ कारण जिल्हाधिकाऱ्याला पटवावे लागते. आणि अर्ज केल्यावर निकालाची वाट मुलाच्या पिढीपर्यंत. त्याला हेगचा रस्ता नाही. कंपनीसाठी बाहेरची वाट जवळ करायची आणि आतली वाट तशीच खडबडीत ठेवायची, हा तोडगा नव्हे.

परदेशी कोणाला म्हणायचे, तेही एकदा नीट ठरवा. दाभोळचा वीजप्रकल्प महाराष्ट्र विसरलेला नाही. गुंतवणूक अमेरिकन कंपन्यांची, पण करारातले दावे मॉरिशसमधल्या कंपन्यांच्या नावाने आले आणि २००५ मध्ये तडजोडी झाल्या. राज्य वीज मंडळाने अंगावर घेतलेल्या त्या प्रकल्पाचा भार भारनियमनात होरपळलेल्या विदर्भानेही उचलला. करार ज्या देशाशी आहे तिथे कंपनीचा खरा, चालता व्यवसाय असला पाहिजे, ही २०१६ मधली अट सैल करू नये. भारतातलाच पैसा बाहेर फिरवून परत आणणाऱ्याला तर हे दार मुळीच नको.

शेवटचा आक्षेप ऐकून घेण्याचा. गाव या खटल्यात पक्षकार नसते. फार तर त्रयस्थ म्हणून लेखी म्हणणे मांडण्याची परवानगी मागता येते, आणि ती द्यायची की नाही हे लवादांच्या मर्जीवर. कोलंबियात सांतुर्बानच्या पठारावरून लाखो लोकांचे पाणी येते. तिथल्या खाणीच्या खटल्यात पाणी वाचवणाऱ्या स्थानिक समितीने अशी परवानगी मागितली, २०१९ मध्ये ती नाकारली गेली. परवानगी मिळण्यासाठी आधी खटला चालू आहे हे कळावे लागते. अन्सिट्रलचे पारदर्शकतेचे नियम १ एप्रिल २०१४ पासून आहेत, पण त्यानंतरच्याच करारांना ते आपोआप लागू होतात. जुन्या करारांनाही ते लागू करणाऱ्या मॉरिशस करारनाम्यावर भारताची सही नाही. आणि जुने करार मेलेले नाहीत. ब्रिटनबरोबरचा करार भारताने २०१७ मध्ये संपवला, तरी आधीच्या गुंतवणुकीला तो १५ वर्षे, म्हणजे २०३२ पर्यंत संरक्षण देतो. २०१५ मध्ये नमुन्याचा मसुदा मायगव्ह संकेतस्थळावर हरकतींसाठी ठेवला होता, पण इंग्रजीत. धानोऱ्याच्या ग्रामसभेने त्यावर काय म्हणावे अशी अपेक्षा होती?

त्या २०१५ च्या मसुद्यात एक मोलाचे कलम होते : कंपनीने कायदा मोडला असेल तर सरकार त्याच लवादात तिच्यावर प्रतिदावा करू शकेल. अंतिम नमुन्यात ते गळाले. का गळाले, हे लोकांना कोणी सांगितले नाही. उर्बासेर या स्पॅनिश कंपनीने अर्जेंटिनावर केलेल्या खटल्यात २०१६ मध्ये पाण्याच्या हक्कावरचा सरकारचा प्रतिदावा लवादाने निदान ऐकून घेतला. पुढे तो फेटाळला, पण ऐकण्याचा अधिकार मान्य केला. नदीत राखेचे पाणी सोडणाऱ्याने भरपाई मागितली, तर त्याच सुनावणीत राखेचाही हिशोब व्हावा, एवढेच हे कलम सांगते.

आमच्या मागण्या अशा :

१. वनमंजुरी, खाणपट्टा, जमीनवाटप यांतली कोणतीही अंतिम मंजुरी किंवा लेखी आश्वासन ग्रामसभेच्या संमतीआधी देऊ नये. २०२२ मध्ये फिरवलेला क्रम पूर्ववत करावा.

२. तोपर्यंत उद्योग विभागाच्या प्रत्येक सामंजस्य करारात, देकारपत्रात आणि जमीन दाखवण्याच्या पत्रात मराठीत आणि इंग्रजीत हे वाक्य असावे : ‘ग्रामसभेची संमती मिळालेली नाही, ती नाकारली जाऊ शकते, या पत्रामुळे गुंतवणूकदारास कोणतीही अपेक्षा ठेवण्याचा आधार मिळत नाही.’ सोबत त्या गावाचे निस्तारपत्रक आणि सामूहिक वनहक्काचा दाखला जोडावा आणि ते मिळाल्याची कंपनीची पोच घ्यावी. यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही, मुंबईतल्या एका परिपत्रकाने काम होते.

३. ‘स्थानिक शासन’ या व्याख्येत ‘पेसा आणि वनहक्क कायद्याखालील ग्रामसभा’ असे शब्द घालावेत. तिच्या निर्णयाची अंमलबजावणी म्हणून केंद्राने किंवा राज्याने काढलेला आदेशही करारातून वगळावा.

४. न्याय्य आणि समन्यायी वागणुकीचे मोकळे कलम आणि सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राचे कलम परत आणू नये. बियाणे, खते, औषधे यांचे दर ठरवण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत राखून ठेवावा.

५. उत्पादन सुरूच न झालेल्या प्रकल्पाची भरपाई प्रत्यक्ष, पावत्यांनी सिद्ध झालेल्या खर्चापुरती असावी.

६. भारतीय न्यायालयांत पाच वर्षे दाद मागण्याची अट कायम ठेवावी. ती कमी करायचीच असेल तर आधी भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या प्रकरणांना तेवढीच कमाल मुदत कायद्याने घालावी.

७. सरकारच्या प्रतिदाव्याचे २०१५ चे कलम परत घ्यावे आणि मॉरिशस करारनाम्यावर सही करावी.

८. तंट्याची नोटीस आल्यापासून ३० दिवसांत तिचा मराठी गोषवारा संबंधित ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. त्रयस्थ म्हणून म्हणणे मांडायचे असेल तर भाषांतराचा आणि वकिलाचा खर्च जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळावा.

९. निवाड्याची रक्कम ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून, पेसा निधीतून किंवा जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या पैशातून वळती केली जाणार नाही, हे लेखी जाहीर करावे.

१०. ग्रामसभेच्या ठरावाचा नमुना जिल्हा परिषदेने द्यावा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना तो शिकवावा : गट क्रमांक, क्षेत्र, बाधित हक्क, कंपनीला दिलेली नोटीस आणि तिचे म्हणणे, नकाराची कारणे, महिलांची वेगळी हजेरी, सह्या त्याच दिवशी आणि त्याच जागी. हा खर्च कागदाचा आणि दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचा आहे.

बदललेल्या नमुन्याचा मसुदा कायम होण्याआधी मराठीत प्रसिद्ध करावा आणि हरकतींसाठी किमान ९० दिवस द्यावेत. ते दिवस पेरणीच्या धांदलीत किंवा तेंदू हंगामात धरू नयेत, नाहीतर ग्रामसभेला माणूस मिळणार नाही. नागपूरला एक आणि गडचिरोलीला एक अशा दोन जाहीर सुनावण्या घ्याव्यात. विदर्भातल्या खासदारांनी हा विषय येत्या अधिवेशनात लेखी प्रश्न म्हणून विचारावा. प्रश्नांचा मसुदा आम्ही तयार करून देऊ.

या पत्राचे उत्तर मराठीत आणि मागणीच्या क्रमांकानुसार द्यावे, म्हणजे ते जसेच्या तसे ग्रामपंचायतींच्या फलकावर लावता येईल.

आपले,
यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील ग्रामसभांचे कार्यकर्ते व वकील